मी ऐकलेली सातची हाक

मी एक जुना अँटेना आहे. टीव्हीचा नव्हे, मित्रांनो! ती चूक सगळेच करतात. मी वायरलेसचा अँटेना. ज्या सेटवर बटण दाबून बोलायचे आणि बटण सोडून ऐकायचे, त्या सेटचे तोंड मीच आणि कानही मीच. दिसायला म्हणाल तर कापड उडून गेलेली छत्री. मध्ये एक उभी दांडी आणि खाली झुकलेल्या चार काड्या. पण रूपावर जाऊ नका. एके काळी माझ्यावाचून दोन भावांचा दिवस सुरू होत नसे. त्या दोघांची गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटते, तरीही सांगतो. कारण ती माझ्याशिवाय पूर्ण कुणालाच ठाऊक नाही.

टेकडीच्या माथ्यावर पाण्याची मोठी टाकी होती आणि टाकीला लागूनच दादांचे घर. दादा नळकाम करत आणि टाकीवरही तेच लक्ष ठेवत. टेकडीच्या पायथ्याशी, अगदी कड्याखाली, पंपघर होते. तिथे त्यांचे धाकटे भाऊ पंप चालवत आणि शेजारच्या खोलीत राहत. सगळे त्यांना पंपभाऊ म्हणत. दोन भावांच्या मध्ये दोनशे चौदा पायऱ्या.

टाकी भरली की खाली कळवायचे कसे? दादा कड्यावर उभे राहून लाल टॉवेल हलवत. धुके असले की टॉवेल दिसत नसे, पंप चालूच राही, टाकी वाहू लागे आणि पाणी थेट वहिनींच्या शिलाईच्या खोलीत. एकदा गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट भिजून चिंब झाला. तेव्हा वहिनींनी मशीन थांबवले.

"अहो, टॉवेल पुरे झाला. आता जरा डोकं चालवा."

दादांनी डोके चालवले. कुठून तरी दोन जुने सेट मिळवले आणि उरलेल्या तांब्याच्या नळीतून मला घडवले. माप अर्ध्या बोटाने चुकले म्हणून मला दोनदा कापून पुन्हा जोडले. झाळल्याची ती खूण अजून माझ्या कमरेवर आहे. काड्या धरायला पंपभाऊ बसले होते. ऐन वेळी त्यांना शिंक आली आणि चौथी काडी वाकडी बसली.

"दादा, वाकडी झाली रे. पुन्हा करू या?"

"राहू दे. तुझी आठवण म्हणून राहील."

मला गच्चीवर चढवले गेले. पहिल्याच दिवशी खालचा आवाज स्वच्छ आला आणि त्या दिवसापासून वहिनींच्या खोलीत पाण्याचा थेंब शिरला नाही. माझे काय कौतुक झाले म्हणून सांगू! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वहिनी मान वर करून मला बघायला लावत.

त्या दोघा भावांची एक लहानपणापासूनची रीत होती. लहान असताना धाकटा सारखा कुठे कुठे हरवायचा. म्हणून वडिलांनी नियम घालून दिला होता, की हाक धाकट्याने मारायची आणि थोरल्याने ओ द्यायची. तीच रीत वायरलेसवर आली. रोज सकाळी सात वाजता खालून हाक येई. "दादा... दादा... दादा..." मोजून तीनदा. आणि दादा म्हणत, "ओ! बोल." तोंडात ब्रश असला तर दादा बोलत नसत, नुसते बटण तीनदा दाबत. खाली टक टक टक ऐकू गेले की पंपभाऊ हसून म्हणत, "दात घास आधी."

बोलणे तरी काय? पाणी गढूळ आहे, पंपाचा पट्टा सैल झालाय, मांजरीला तीन पिल्ले झाली. पुढे टाकीत आपोआप पंप बंद करणारी कळ बसली आणि कळवण्यासारखे काही उरले नाही. तरी सातची हाक चुकली नाही. वर्षामागून वर्षे गेली. दादांचे गुडघे धरले, त्यांचे पायऱ्या उतरणे संपले. पंपभाऊंना दमा लागला, त्यांचे वर चढणेही महिन्यातून एकदावर आले. कड्याखाली मोबाइलला रेंज नव्हती. उरलो होतो एकटा मी.

मग दादांनी काम थांबवले आणि त्यांना वेळ खायला उठला. एका दुपारी ढगांची काय कृपा झाली कोण जाणे, सेटवर फार लांबच्या कुणा माणसाचा आवाज आला. मिनिटभर आला आणि गेला. झाले! दादांना वेडच लागले. उंच अँटेना लावायचा, लांब लांबच्या लोकांशी बोलायचे. दुकानातून पुस्तिका आल्या, जेवतानाही त्या पानाशेजारी उघड्या.

सकाळी सातला त्यांनी ही बातमी खाली सांगितली.

"लांबच्या माणसांशी बोलून तुला काय मिळणार, दादा? मी आहे ना बोलायला."

"तुझं काय रे, तेच ते! पाणी नि पंप, पंप नि पाणी. इतकी वर्षं तेच ऐकतोय."

दादा हे हसत बोलले. पण मित्रांनो, हसू वायरलेसवरून नीट जात नाही. शब्द मात्र जातात.

"बरं," पंपभाऊ म्हणाले. "लाव मग उंच. ओव्हर."

दोनच दिवसांनी नवा अँटेना आला. पांढरा शुभ्र, माझ्या तिप्पट उंच, आणि त्याच्यासाठी गच्चीवर वेगळा लोखंडी खांब. मला उतरवून घरामागे, कड्याच्या बाजूच्या कुंपणभिंतीला टेकवून ठेवले. माझी वायर कापून त्यालाच जोडली. आठवड्याभरात वहिनींनी माझ्यावर घेवड्याचा वेल चढवला. मला घडवले कशासाठी आणि मी करतोय काय! मी मनातल्या मनात त्या पांढऱ्याला पुष्कळ शिव्या दिल्या.

तसा तो गुणी होता, खोटे कशाला बोलू? डोंगरापलीकडची माणसे त्याने दादांच्या खोलीत आणून बसवली. पण उंचावरचा अँटेना खरखरही खूप गोळा करतो. त्या आवाजाने दादांचे डोके उठे. म्हणून त्यांनी सेटवरचे खरखर दाबायचे बटण पार शेवटपर्यंत पिळले. आता जोरात येणारे आवाज तेवढे आत येत आणि बारीक आवाज दारातच अडत. शिवाय त्या पांढऱ्याची नजर सगळी लांब क्षितिजावर. पायाखालच्या कड्याकडे तो बघतच नसे. पंपघरातला आवाज त्याच्यापर्यंत पोहोचे तो पुसट होऊन, आणि बटण तो बाहेरच ठेवी.

हे सारे मला कसे कळले? अहो, अँटेनाची वायर कापली म्हणून त्याचे कान कापले जात नाहीत. लहर आली की अंगात बारीक झिणझिण्या उठतातच. ऐकणे आमच्या हातात नसते. सांगणे मात्र वायरशिवाय जमत नाही.

पहिल्या सकाळी सात वाजता हाक आली. "दादा... दादा... दादा..." मी कुंपणभिंतीला टेकून स्वच्छ ऐकली. वर दादा सेटसमोर बसले होते, पण त्यांच्या खोलीत चिडीचूप. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, मला तेव्हा आनंद झाला. 'बघा, माझ्यावाचून अडलं ना!' असे म्हणून मी खूश झालो. वाटले, दोन दिवसांत चूक ध्यानात येईल आणि मला वाजतगाजत वर नेतील.

दोन दिवस गेले, चार गेले. वहिनी म्हणाल्या, "भावजींची हाक नाही आली हो आज पण."

"रुसलाय. परवा बोललो ना मी. येईल आपोआप ताळ्यावर."

"मग तुम्हीच मारा की एकदा."

"हाक त्यानं मारायची असते. मी ओ द्यायची."

"काय बाई दोघांचं! साठी उलटली तरी पोरखेळ सुटत नाही," असे म्हणून वहिनी मशीनकडे वळल्या. त्यांनाही वाटले, भाऊ भाऊ आहेत, बघून घेतील.

खाली मात्र वेगळेच चालले होते. पंपभाऊंचा सेट जुना, ते खरखर कधीच दाबत नसत. त्या खरखरीतून त्यांना दादांचा आवाज पुसटसा ऐकू येई. दादा लांबच्या कुणाशी तरी मोठ्याने हसताहेत, हवामान विचारताहेत, त्यांच्या नातवंडांची चौकशी करताहेत. आणि आपल्या हाकेला ओ नाही. माणसाने काय समजायचे?

तरी ते रोज हाक मारत. दहाव्या दिवशी म्हणाले, "दादा, मांजरीची पिल्लं डोळे उघडायला लागली." विसाव्या दिवशी म्हणाले, "माझं चुकलं असेल तर सांग बाबा." माझा आनंद केव्हाच आटला होता. मी काड्या हलवून पाहिल्या, पण वाऱ्याशिवाय काडी हलते का? वहिनी रोज येत, शेंगा तोडत, माझ्या कमरेला हात लावून निघून जात. मला त्यांना एवढेच सांगायचे होते, की बाई, ते बटण जरा सैल करा. एवढेच.

मग एका सकाळी पंपभाऊ म्हणाले, "दादा, पंपावर नवा माणूस येतोय. दम्यानं मला आता पंप काय, वर चढणंही जमत नाही. मुलगी बोलावतेय तिकडे, तिच्या शहरात. रविवारी निघतो."

त्यानंतर रोज ते हेच सांगत राहिले. शनिवारी आवाज अगदी खाली आला होता. "उद्या निघतोय दादा. खाली ये म्हणत नाही, गुडघा दुखतो तुझा. बोलायचं नसेल तर बोलू पण नकोस. नुसतं बटण दाब. तीनदा. मी समजेन."

ते बराच वेळ थांबले. खोलीत दादाही सेटसमोरच बसले होते, हाताची घडी घालून. घड्याळाकडे बघून म्हणाले, "एवढा राग बरा नव्हे." आणि उठले.

त्या दुपारी जोराचा वारा सुटला. उंच खांब हलून पांढऱ्या अँटेनाचा जोड निसटला आणि सेट मुका झाला. रविवारी सकाळी तो उतरवायला माणूस येईपर्यंत नऊ वाजले. सातची हाक येऊन गेली होती. ती एकाच शब्दाची होती. "दादा."

"त्याला दुरुस्तीला दोन दिवस लागतील," माणूस म्हणाला.

"मग तो जुना लावा की. वेलाखाली उभाच आहे," वहिनी म्हणाल्या.

मला वेलातून सोडवले. गच्चीवर चढवून वायर जोडली. खरखर कमी झाली म्हणून दादांनी ते बटण मागे फिरवले. आणि मित्रांनो, काय मनात आले कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा दादांनी भावाला आधी हाक मारायला माइक उचलला.

"अरे... ए... आहेस का?"

उत्तर आले, पण आवाज अनोळखी होता. "कोण बोलतंय? मी पंपावरचा नवीन माणूस."

"मी वरून बोलतोय. टाकीजवळच्या घरातून. भाऊ कुठे आहेत?"

"ते तर आठ वाजताच गेले. सेट इथेच ठेवून गेले, आता याचा उपयोग नाही म्हणाले." मग त्याने विचारले, "तुम्ही... त्यांचे दादा का?"

"हो."

"अरे देवा. माफ करा हं. मी आठवडाभर बघतोय, रोज सात वाजता हाक मारायचे. कधीच उत्तर नाही. मला वाटलं, यांचा भाऊ गेलाय आणि हे उगीच हाका मारतात. म्हणून मी विचारलं पण नाही."

दादांच्या हातातून माइक सुटला. वहिनींनी तो उचलून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादांनी पुतणीच्या घरी फोन लावला. माझ्या वायरीशेजारीच बसून बोलले.

"अरे, मला ऐकूच येत नव्हतं. एकदाही नाही. शपथ."

पलीकडचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. मग दादांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, "नाही रे, ऐकून गप्प नव्हतो बसलो. मला वाटलं, तूच हाक मारत नाहीस." थोडे ऐकून म्हणाले, "ये ना परत." मग नुसते "बरं... बरं..." म्हणत राहिले. फोन ठेवून वहिनींना म्हणाले, "माफ केलं म्हणतो. पण खोली सोडली, काम सोडलं. प्रवास झेपत नाही आता म्हणतो."

आता त्यांचा फोन होतो, आठवड्या-पंधरवड्याने, दोन्हीकडच्या सवडीने. पांढरा अँटेना दुरुस्त होऊन दोरीने बांधून आला, पण दादांनी ती दोरी सोडलीच नाही. तो जिन्याखाली पडून आहे. मला त्याची कीव येते. त्याची काही चूक नव्हती.

मित्रांनो, उंच जरूर व्हा, लांबचे ऐका. पण लांबचे नीट ऐकू यावे म्हणून जवळचा बारीक आवाज दाबून टाकू नका. आणि आपल्या माणसाची हाक आली नाही, तर रुसून बसण्याआधी आपले बटण एकदा तपासा. आधी हाक कुणी मारायची, हा नियम तर मोडूनच टाका. दादांनी तो मोडला, पण एक्केचाळीस सकाळी उशिरा.

मी पुन्हा गच्चीवर आहे. माझी वाकडी काडी कड्याकडे वळवून बसवली आहे. सात वाजले की दादा सेटसमोर येतात, बटण पूर्ण सैल करतात आणि खरखर ऐकत बसतात. मीही कान टवकारतो. पंप चालू असतो, पाणी वर चढत असते. खालून कुणी हाक मारत नाही.