टिपरेरी टर्नपाइकचे उरलेले मेंबर

सुलेखाकाकूंचा जीव गुरुवारात अडकला होता. उपासतापासाचा काही संबंध नव्हता. गुरुवारी संध्याकाळी श्रीरंगकाका घरात नसत, एवढंच त्या वाराचं माहात्म्य.

काका रिटायर झाले आणि आयुष्यभर न्यू जर्सीचे पूल तपासणाऱ्या माणसानं स्वयंपाकघर तपासायला घेतलं. डब्यांना लेबलं चिकटवली. "ही शिट्टी जरा अर्धवट वाटली मला," असं कुकरबद्दल म्हणू लागले. अशा माणसाला दर गुरुवारी एखादा बँड प्रॅक्टिसला घेऊन जात असेल, तर तो आयरिश आहे की आइसलँडचा हे विचारत बसायला काकूंना वेड लागलं नव्हतं.

'टिपरेरी टर्नपाइक' हा पार्सिपनीतला जुना बँड. सुरुवातीला सगळे अस्सल आयरिश. बासरीवर जेरी, सोबत त्याचे दोन मेव्हणे आणि एक बँजोवाला. मग एक मेव्हणा फ्लोरिडाला गेला, दुसरा जेरीशी बोलेनासा झाला, आणि बँजोवाल्याला ध्यानधारणेत शांतता सापडल्यामुळे बँजो सुटला. रिकाम्या खुर्च्या जेरी हाताला लागेल त्या माणसानं भरायचा. फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, आली त्याची डेंटिस्ट, आन्या. इथेच जन्मलेली मराठी पोरगी. तोंडात ड्रिल असताना जेरीनं तिला काहीतरी विचारलं, तिला ते कळलं नाही, म्हणून ती "यस" म्हणाली. तिनं गिटारला आणला संग्राम, कोल्हापूरचा, आयटीतला. आणि संग्रामनं आणले श्रीरंगकाका. त्यांच्या हातात आला बोरान, म्हणजे दिसायला आपला डफच, फक्त काडीनं वाजवायचा.

सगळं सुरळीत चाललेलं असताना जेरीनं बॉम्ब टाकला. तो मुलीकडे ॲरिझोनाला चालला होता. कायमचा.

"मग बँड बंद," तो म्हणाला. "आयरिश बँडमध्ये एक तरी आयरिश माणूस नको?"

काकूंनी जेरीला जेवायला बोलावलं, गरमागरम बटाटेवडे घातले आणि त्याच्या तोंडात वडा असतानाच म्हणाल्या, "यांना एक चान्स दे रे बाबा."

वडा गिळेपर्यंत जेरी विरघळला. ठरलं असं की सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे आयरिश लोकांच्या सणाला, सीनियर सेंटरमध्ये तिघांनीच वाजवायचं. जेरी समोर बसणार, चकार शब्द काढणार नाही. जमलं तर बँडचं नाव त्यांचं.

आता या संगीताची गंमत अशी की एकच धून गोल गोल फिरत राहते. पुरे झाली असं म्होरक्याला वाटलं की तो "हप!" असं ओरडतो आणि सगळे एकदम पुढच्या धुनेवर उडी मारतात. आजवर जेरी ओरडायचा. आता कोणी ओरडायचं, यावर प्रॅक्टिसमध्ये चर्चा झाली होती.

"काका, तुम्हीच. तुम्ही मोठे."

"छे छे, फिडल पुढे असते. मान आन्याचा."

"नो नो काका, आय ॲम द बेबी हियर!"

चर्चा इतकी सौजन्यानं झाली की निर्णय राहूनच गेला.

स्टेजवर धून सुरू झाली. आयरिश नाचासाठी कुरळे विग घातलेल्या पोरी, हात अंगाला चिकटवून, नुसत्या पायांनी नाचायला लागल्या. लोक टाळ्या देत होते. धून फिरली. परत फिरली. काकांनी मानेनं आन्याला खुणावलं. आन्यानं संग्रामला. संग्रामनं अदबीनं काकांना. धून फिरतच राहिली. एका पोरीचा विग डोळ्यांवर आला आणि ती नाचत नाचत फायर एक्झिटकडे निघाली. टाळ्यांची हळूहळू काळजी झाली. जेरी ओठ आवळून लालबुंद झाला होता.

काकूंना समोर स्टेज दिसेना. गुरुवारी संध्याकाळी घरी बसलेले काका दिसायला लागले, लेबलांच्या मशीनसकट.

त्यात शेजारच्या खुर्चीत मराठी मंडळाचे अध्यक्ष रवींद्र. फोन उंच धरून त्यांचं लाइव्ह चालू होतं. "तर मंडळी, हीच धून आपण पुन्हा ऐकतोय. अतिशय... अं... टिकाऊ धून आहे..."

"रवींद्र, गप!" काकू कडाडल्या.

स्टेजवर ते पोचलं "हप!" म्हणून.

तिघांनी एका श्वासात पुढच्या धुनेवर उडी मारली. हॉल उसळला. विगवाली पोरगी दारातून परत आली.

रवींद्र दुखावले. नवी धून तीनदा फिरल्यावर म्हणाले, "वहिनी, मी फक्त लोकांना..."

"गप म्हटलं ना!"

तिसरी धून. हॉल उभा राहिला.

कार्यक्रम संपल्यावर जेरी डोळे पुसत काकूंकडे आला. "कुठे शिकलीस हे?"

"घरी," काकू म्हणाल्या.

"नाव तुमचं," जेरी म्हणाला. "पण ही बँडमध्ये असेल तरच."

"मी? मला साधं सारेगम येत नाही!"

"काकू, प्लीज यार," संग्राम म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे, नुसतं प्लीज."

"अगं, तुला नुसतं ओरडायचं तर आहे," काका म्हणाले. "ते तू एरवीही..."

"गप!"

सवयीनं संग्रामचा हात गिटारवर पडला.

काकू गाडीत गाल फुगवून बसल्या. नाही म्हणावं तर सातही दिवस हा माणूस घरात. हो म्हणावं तरी सातही दिवस हाच माणूस, फक्त एक दिवस ढोलकं घेऊन. ज्याच्यासाठी वडे तळले तो गुरुवार काही केल्या हाती येत नव्हता. पण आन्या फोनवर रडवेली झाली आणि काकू हो म्हणून बसल्या.

पहिल्या प्रॅक्टिसला त्या पर्स मांडीवर घेऊन, कोट न काढता बसल्या. काकांनी बोरान बडवायला घेतला.

"जरा हळू," काकू सहज म्हणाल्या.

काकांनी हळू केलं. कारण विचारलं नाही, पुलाचं उदाहरण दिलं नाही.

काकूंनी चमकून पाहिलं. "आवाज कमी."

आवाज कमी झाला.

"थांबा."

काका थांबले. काडी हवेत, डोळे काकूंच्या तोंडाकडे.

काकूंनी सावकाश कोट काढला, खुर्ची पुढे ओढली आणि आन्याला विचारलं, "एका दिवसात कसं गं भागणार? सोमवारी पण ठेवू या ना प्रॅक्टिस."