आग्रिपिनाच्या डुकराचं परराष्ट्र धोरण

युरोप आणि रशियाच्या मधोमध अडकलेल्या एका छोट्या देशातल्या स्त्रुगुरेनी गावात कोण युरोपच्या बाजूचं आणि कोण रशियाच्या, हे शोधायला ब्रसेल्सहून बास्टियान नावाचा एक तरुण अभ्यासक आला, आणि गावात लॉज नसल्यामुळे आग्रिपिनाच्या मागच्या खोलीत उतरला. उंचीला ताडमाड, खायला मुंगीएवढा. गावची भाषा तो पुस्तकातून शिकला होता, त्यामुळे मीठ मागतानासुद्धा करारावर सही करायला बोलावल्यासारखा बोलायचा.

त्याच्याकडे गावाचा एक नकाशा होता. ज्या घराचा कल युरोपकडे ते घर निळं, रशियाकडे ते लाल. आग्रिपिनाचं घर त्यानं पहिल्याच संध्याकाळी लाल करून टाकलं, कारण ती नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे रशियासारखा सात जानेवारीला करायची. तिनं ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. मॉस्कोशी तिचा संबंध एवढाच की तरुणपणी तिनं तिथून एक कोट आणला होता, आणि त्याचीही बटणं महिन्याभरात तुटली होती. सात जानेवारी ही तिच्या आईची तारीख होती, आजीची होती. तिच्यात क्रेमलिन कुठून आलं, हे तिला काही केल्या कळेना.

"युरोप तुम्हाला किती जवळचा वाटतो?" बास्टियाननं तिला विचारलं. "एक ते दहामध्ये सांगा."

"माझा इलारिओन तिकडं बर्गामोला भिंती बांधतो," ती म्हणाली. "विमानानं तीन तासांवर आहे. रजा मिळाली नाही तर सात वर्षांवर. आता तूच आकडा घाल."

बास्टियाननं बराच विचार करून पाच घातले.

तिचं खरं भांडण रशियावरून नव्हतंच, ते शेजारच्या झिनोव्याशी होतं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, एकाच कुंपणावर कपडे वाळत घालत म्हाताऱ्या झाल्या. मग रशियानं सफरचंदं घ्यायची बंद केली. झिनोव्याची सफरचंदं युरोपात जायला लागली, आणि सफरचंदांच्या मागोमाग झिनोव्याचं मनही गेलं. गेल्या वर्षी तिनं नाताळ उचलून पंचवीस डिसेंबरला नेला. वर चर्चच्या पायऱ्यांवर चार बायकांत म्हणाली, आग्रिपिना अजून मागच्या शतकातच भांडी घासतेय. त्यावर आग्रिपिनानं तिथल्या तिथं शपथ घेतली, की तिच्या अंगात जीव असेपर्यंत तिच्या चुलीवर पंचवीस डिसेंबरला नाताळचे सारमाले शिजणार नाहीत. आता कोबीच्या पानात गुंडाळलेला डुकराचा खिमा-भात नसेल, तर तो नाताळ कसला? म्हणजे शपथ पक्की झाली. चर्चसमोर घेतलेली असल्यामुळे तिला परत घ्यायची सोयही नव्हती.

बास्टियानची प्रश्नावली काही चालेना. लोक त्याला दारू पाजायचे आणि प्रत्येक प्रश्नाला 'बघू' म्हणायचे. मग वीस डिसेंबरच्या सकाळी त्याला डुकरं ऐकू आली. नाताळच्या आधी संत इग्नातच्या दिवशी घरोघरी डुक्कर कापायचं ही इथली रीत. नव्या पंचांगवाल्यांचा इग्नात वीस डिसेंबरला येतो, जुन्यांचा त्यानंतर तेरा दिवसांनी. माणूस 'बघू' म्हणेल, पण डुक्कर काही लपवत नाही. बास्टियान अंगणात पायजम्यावर उभा राहून कान देत होता, आणि जिकडून किंकाळी येईल तिकडचं घर निळं करत होता. इतकं खूश त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

गावात डुकरं कापायचा एकटा झिनोव्याचा नवरा इयोन. तो दोन्ही इग्नातांना कापायचा, दोन्हीकडच्या कलेजीची चव घ्यायचा, आणि राजकारणावर विचारलं तर सुरीला धार लावायचा. बास्टियाननं झिनोव्याचं घर निळं केलं, पण इयोनला रंगच दिला नाही.

त्याच दिवशी इलारिओनचा फोन आला. मुकादमानं रजा दिली होती. नवीन वर्ष झालं की परत कामावर. तिकडचा नाताळ पंचवीसचा, सुट्टीही त्याच आठवड्याची. सात जानेवारीला तो परत परांचीवर असणार. सात वर्षांत पोरगा पहिल्यांदा नाताळला घरी येत होता, आणि त्याच्या आईच्या पंचांगात त्या दिवशी नाताळच नव्हता, नाताळाआधीचा भर उपास होता. फोन ठेवल्यावर आग्रिपिना कोठीत जाऊन लोणच्याच्या बरण्या उगाच इकडच्या तिकडे करत बसली.

पोरगा तेवीस तारखेला आला. खांदे रुंद झाले होते, केस मागे हटले होते. तिनं त्याच्यापुढे उपासाचं वाढलं: घेवडा, अक्रोड, लोणच्यातल्या काकड्या. तो खात होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून झिनोव्याचं बोलावणं आलं, आवाज चर्चपर्यंत जाईल असा. परवा आमच्याकडे जेवायला ये बाळा, युरोपातनं आलेल्या पोराला युरोपातलं जेवण नको का?

"जातो मी, आई," इलारिओन समजुतीनं म्हणाला. "तुझा उपास कशाला मोडायचा? झिनोव्यामावशीकडं दोन घास खाईन आणि येईन."

आग्रिपिना हो म्हणाली आणि तोंड भिंतीकडे करून झोपली. पण झोप कुठली? तिच्या पोटच्या पोरानं नाताळचा पहिला घास झिनोव्याच्या ताटातला खायचा, तोही झिनोव्याचं तोंड बघत, ही कल्पनाच तिला सहन होईना. शपथ मोडावी तर झिनोव्या उरलेलं आयुष्य ते गाणं म्हणणार. न मोडावी तर पोरगा उपाशी परत जाणार, आणि पुढची रजा कधी, ते त्या मुकादमाला ठाऊक. तिला मुकादमाचा राग आला, झिनोव्याचा आला, पंचांग करणाऱ्यांचाही आला. शेवटी नवऱ्याचा आला, की हा आधीच मरून मोकळा झाला. नवऱ्याचं नाव स्पिरिदोन. आणि ते नाव मनात येताच ती ताडकन उठून बसली.

उजाडताच ती इयोनच्या दारात उभी होती.

"आज कापायचं," ती म्हणाली.

"आज?" इयोननं सुरी खाली ठेवली. "आज कुणाचाच इग्नात नाही."

"इग्नात गेला उडत. उद्या स्पिरिदोनचा नामदिन आहे."

ते खरंच होतं. नव्यांचा पंचवीस डिसेंबर म्हणजे जुन्यांचा बारा डिसेंबर, आणि त्या दिवशी जुन्या पंचांगात संत स्पिरिदोन, म्हणजे त्या नावाच्या प्रत्येकाचा नामदिन. नवरा जिवंत असताना ती त्या दिवशी माशाचा एक तुकडा तळायची आणि विषय संपायचा. त्यासाठी अख्खं डुक्कर आजवर कुणी कापलं नव्हतं. इयोननं मान हलवली, टोपी घातली आणि निघाला.

डुकरानं आपलं काम चोख केलं. किंकाळी टेकडीपलीकडे गेली. गल्लीतल्या बायका दारात आल्या, झिनोव्या हातात पीठ घेऊन कुंपणाशी आली, आणि बास्टियान नकाशा घेऊन पळत अंगणात आला. वीस तारीख नाही, दोन तारीख नाही, मग हे काय? त्यानं विचारलं, हा तटस्थतेचा संकेत समजायचा का? आग्रिपिना म्हणाली, मध्ये लुडबुड करू नकोस, हे आतडं धर.

पंचवीसला तिच्या टेबलावर सारमाले होते, भाजलेलं डुक्कर होतं, वेणी घातलेला पाव होता, स्वतःच्या द्राक्षांची दारू होती. चर्चसमोरच्या शपथेचं काय, असं झिनोव्यानं कुंपणावरून विचारून पाहिलं. आग्रिपिनानं तिला ऐकू जाईल असं सांगितलं की आज नाताळ नाही, मेलेल्या नवऱ्याचा नामदिन आहे, आणि ज्याला शंका असेल त्यानं त्याला कबरीत जाऊन विचारावं. झिनोव्या वाळत घातलेले कपडे ओलेच गोळा करून आत गेली. अशी वेळ तिच्यावर फार वर्षांनी आली होती.

इलारिओन खात सुटला होता. मध्येच थांबून त्यानं आईच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"तू?"

"नामदिन तुझ्या बापाचा आहे. उपास माझा आहे. तू खा."

बास्टियाननं घसा साफ केला. "माफ करा, पण हे युरोपकडे वळणं म्हणायचं का? ब्रसेल्समध्ये विचारतील."

"ब्रसेल्सला कळव," आग्रिपिना त्याच्या ताटात वाढत म्हणाली, "की पोरानं अकरा खाल्ले."

त्यानं खरंच ते लिहून घेतलं. जाताना त्यानं तिच्या घराला हिरवा रंग दिला. अख्ख्या नकाशात हिरवं तेवढं एकच.

नवीन वर्ष झालं आणि इलारिओन गेला. मग सात तारीख आली. आग्रिपिनानं राखून ठेवलेलं सगळं गरम केलं, टेबलावर पांढरी चादर घातली आणि एकच ताट मांडलं. वर्षभर ती गावाला सांगत होती की खरा नाताळ माझा. तो खरा नाताळ आता समोर होता, आणि घरात घड्याळ सोडून कुणाचा आवाज नव्हता. फोन दारूच्या सुरईला टेकवून ठेवला होता. इलारिओन परांचीवरून पाच मिनिटं बोलणार होता.

फाटक वाजलं. दारात झिनोव्या उभी होती, हातात झाकलेलं पातेलं. मागे इयोन, काखेत दारूचा बुधला.

"आज आमच्या पंचांगात संत इयोन," झिनोव्या दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाली. "याचा नामदिन. घरात इतके पाहुणे झालेत की बसायला जागा नाही."

आग्रिपिनानं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. झिनोव्याच्या घरात दिवा नव्हता, अंगणातल्या बर्फावर या दोघांच्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं. झिनोव्याचीही पोरं आयर्लंडला होती, आणि तीही पंचवीसला आली नव्हती. हे आग्रिपिनाला ठाऊक होतं, फक्त इतके दिवस तिनं त्याचा विचार केला नव्हता.

तिनं आणखी दोन ताटं काढली. झिनोव्या इलारिओनच्या खुर्चीवर बसली. फोन वाजला, पडद्यावर सिमेंटनं माखलेला पोरगा दिसला. त्यानं डोळे बारीक केले आणि विचारलं, झिनोव्यामावशी तिथं काय करतेय, तेही आजच्या दिवशी?

"इयोनचा नामदिन आहे," आग्रिपिना म्हणाली. "तू खाली बघून काम कर, पडशील."

तिनं पहिला सारमाला झिनोव्याच्या ताटात ठेवला, दुसरा इयोनच्या, तिसरा स्वतःच्या. मग उपास सोडला.