स्टोयान्काच्या हातातला संकेत

मित्रांनो, मी प्लोव्दिव्ह शहरातल्या एका संशोधनशाळेतली जुनी नोंदपेटी आहे. माणसाच्या अंगातून निघणारे विजेचे बारीक संकेत तारांमधून घ्यायचे, त्यांचे आकडे करायचे आणि संगणकाकडे धाडायचे, हे माझे काम. मला घडवले ते हृदयासाठी. हृदयाचा संकेत मोठा आणि सावकाश असतो. त्याहून चपळ काही आले, तर ते खरखर समजून गाळून टाकणारी चाळणीच माझ्या पोटात बसवलेली आहे.

पडद्यावर माझ्या रेषा इतक्या स्वच्छ येत, की प्राध्यापक त्सान्कोव्ह पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. मलाही अभिमान वाटे.

पुढे हाताचा मज्जातंतू तुटून पुन्हा जोडलेल्या रुग्णांचा अभ्यास सुरू झाला. स्नायूपर्यंत संदेश पोचू लागला का, ते पाहायचे होते. झोर्नित्सा या तरुण डॉक्टरने विचारले, "सर, यासाठी कुठली पेटी घ्यायची?"

"घ्यायची कशाला? ही आहे ना. हिच्यासारखी स्वच्छ रेष कोण देतं?"

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. स्नायूचा संकेत किती चपळ असतो, हे कुणी बोललेच नाही. मला ते ठाऊक होते, पण मला वाचा कुठे आहे?

मग स्टोयान्का आली. लग्नाकार्यात गादुल्का हे तंतुवाद्य वाजवणारी बाई. भाजलेल्या मिरच्यांची बरणी घेऊन ती पायरीवर पडली होती आणि काच डाव्या हातात खोल घुसून मज्जातंतू तुटला होता.

"बोट वाकवून बघा, मावशी."

"वाकवतेय गं. आत मुंगी चालल्यासारखं होतंय."

"पडद्यावर तर काहीच नाही."

"मग तुझा पडदा झोपलाय."

झोर्नित्सा हसली. मी मात्र जागी होते. ते इवलेसे झटके माझ्यापर्यंत येत होते आणि माझीच चाळणी ते पुसत होती. रेष सपाट राहिली. दर भेटीत तेच झाले. शेवटी, मज्जातंतू जुळलाच नाही असे समजून स्टोयान्काचे व्यायामोपचार थांबवले गेले.

"बरं," ती कोटाची बटणे एका हाताने लावत म्हणाली, "गादुल्का भाचीला देऊन टाकते."

मी टेबलावर होते. काही करू शकले नाही.

एकामागून एक रुग्णांच्या रेषा सपाट येऊ लागल्या, तेव्हा झोर्नित्साने माझ्या तारांच्या टोकाच्या पट्ट्या स्वतःच्या धडधाकट हाताला चिकटवल्या आणि बोट हलकेच हलवले. पडदा तसाच. तिने पुन्हा हलवले. मग ती प्राध्यापकांना घेऊन आली.

"सर, माझं बोट हलतंय आणि हिला पत्ता नाही."

प्राध्यापकांनी पट्ट्या स्वतःच्या हाताला लावून पाहिल्या. मग म्हणाले, "स्टोयान्काबाईंना मी सांगतो. तूही चल."

या वेळी घाई झाली नाही. दोन-तीन पेट्या मागवून दोघांनी आपल्याच हातांवर त्या तपासल्या. ज्या पेटीने अगदी पुसट हालचालही टिपली, ती निवडली. त्या पेटीला स्टोयान्काचा हात ऐकू आला. उपचार पुन्हा सुरू झाले, पण मधल्या महिन्यांत स्नायू झिजला होता. दोन बोटे परत आली, बाकीची आली नाहीत. मी कपाटातून ते पाहिले.

मित्रांनो, मी मोडलेली नाही. मला हृदयापाशी न्या, तिथे मी अजून उपयोगी पडेन. पण काय ऐकायचे आहे ते आधी ठरवा, मग आमच्यातून निवडा. आणि आमची रेष सपाट आली, तरी समोरच्या माणसाला एकदा विचारा. त्याला बोलता येते.