मुके पंधरा दिवस

याकोब पाळकांचा आवाज असा, की येरमाळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या चर्चला माईक घ्यायची कधी गरजच पडली नाही. त्यांचे वडील गोरोबा बाप्तिस्मा घेण्याआधी गावात दवंडी द्यायचे. आवाज तिकडूनच आलेला. आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून याकोब पाळक प्रार्थना करू लागले, की शेजारची चार घरं दारात येऊन ऐकत.

सत्तावन्नाव्या वर्षी तो आवाज फाटला. आधी काढा झाला, ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली. शेवटी सोलापूरला नर्स असलेल्या लेकीनं, सोनालीनं, त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. स्वरतंतूवर गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, तपासायला पाठवली आणि बजावलं, "पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. रिपोर्ट आला की पुढचं बघू."

पुढचं म्हणजे काय, हे पाळक, त्यांची बायको मार्थाबाई आणि सोनाली, तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.

घरी मंडळीतली माणसं भेटायला येऊ लागली. "सलाम, पाळकसाहेब," म्हणून शेजारी बसत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करत. पाळक डोळे मिटून ऐकत. ऐकता ऐकता कोण कुठं अडखळलं, कुणाला शब्द सापडला नाही, याचीच ते मनात नोंद घेत आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

पहाटे उठून ते मनातल्या मनात प्रार्थनेला बसत. 'हे स्वर्गीय पित्या' एवढं म्हणून झालं, की पुढचं वाक्य मंडळीसाठीच घडवल्यासारखं यायचं. कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, लोक कुठं आमेन म्हणतील, सगळं ठरलेलं. समोर मात्र रिकामी भिंत. तीस वर्षं आपण नेमकं कुणाशी बोलत होतो? गाठीपेक्षा या प्रश्नाचीच त्यांना जास्त भीती वाटायला लागली. आणि ज्याला विचारायचं, तोही गप्प.

पाचव्या दिवशी मार्थाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"अहो, दिवसभर नुसते माझ्याकडं बघत बसता. माझा जीव घाबरा होतो. प्रभूसुद्धा माणसांतून उठून डोंगरावर जायचा. तुम्ही पण जा. उन्हं कलायच्या आत परत या म्हणजे झालं."

पाळकांनी निमूटपणे फडकं उचललं.

गावामागचा डोंगर त्यांनी जन्मभर खालूनच पाहिलेला. वर चढायचं काम कधी पडलं नव्हतं. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरच दम लागला, चपलेनं टाच सोलली आणि कुसळं धोतराला चिकटून घरापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी ते सोनालीनं घेऊन दिलेले बूट घालून गेले. तिसऱ्या दिवशी माथ्यावर पोचले. वर सपाट माळ, सोनेरी गवत, लांबवर पवनचक्क्यांची रांग आणि खाली ज्वारीचे हिरवे पट्टे. सीताफळीच्या झुडपांत काळी पडलेली शेवटची फळं लटकत होती. धावड्याच्या झाडाच्या सावलीत एक खडक होता, त्यावर ते बसले. प्रार्थना काही आली नाही. पण भिंतीसमोर बसल्यावर जीव कोंडायचा, तसा इथं कोंडला नाही. त्या दिवशी भाकरी त्यांना कितीतरी दिवसांनी गोड लागली.

आठव्या दिवशी त्या खडकापाशी मेंढरं आली. मागून काठी टेकत एक म्हातारी आली.

"कुठलं म्हणायचं, दादा?"

पाळकांनी गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

"मुकं हाय व्हय? अरं देवा. असू द्या. म्या गजराबाई." असं म्हणून ती जवळच बसली.

आपण मुके नाही, हे खुणेनं कसं सांगायचं ते पाळकांना सुचेना. तोवर गजराबाई बोलायलाही लागली होती. पाणी कुठं आटलं, लांडगा कुठं दिसला, सून कशी हाय. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्या दिवशी मात्र मेंढरांकडं बघतच म्हणाली, "कुणाला सांगितलं न्हाय. तुमास्नी सांगते. माझी आई गेली, तवा शेवटचं पाणी म्या पाजलं, आसं समदी भावकी म्हणती. तेराव्याला सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पर म्या पोचलेच न्हवते, दादा. एका लुगड्यावरनं रुसले होते. निरोप आला, तरी दोन दिस मुद्दाम गेले न्हाय. गेले, तवा ती थंड पडली व्हती. एकटीच व्हती. मंग म्या खोटंच सांगितलं. बावीस वर्सं झाली."

पाळकांच्या गळ्यापर्यंत शब्द आले. अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना पाठ होतं. सांत्वनाचं एक वाक्य, क्षमेचं एक, मग खांद्यावर हात आणि प्रार्थना. पण बोलायची बंदी. ते नुसते तिच्याकडं बघत राहिले. काही करता येत नाही म्हणून उठून गेलेही नाहीत. गजराबाई रडली, पदरानं नाक पुसलं, मग बराच वेळ दोघं तसेच बसून राहिले.

"लई हलकं वाटलं बघा," ती उठताना म्हणाली आणि मेंढरांना हाकारत निघून गेली.

पाळक हलले नाहीत. आपण तिला काहीच दिलं नाही, एक शब्दसुद्धा नाही, आणि तरी ती हलकी होऊन गेली. तिचं बोलणं आपण सगळं ऐकलं होतं. गप्प होतो ते लक्ष नव्हतं म्हणून नाही. उलट इतकं लक्ष देऊन आपण आजवर कुणाचंच ऐकलं नसेल. देव गप्प आहे म्हणून गेले आठ दिवस आपण त्याच्यावर रुसून बसलो होतो.

विचार तिथंच थबकला. वारा गवतावरून गेला. चित्तुर पक्ष्यांची एक जोडी पायाशी येऊन दाणे टिपू लागली. पाळकांनी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत, मनात एकही वाक्य जुळवलं नाही. भीती वाटते, एवढंच त्यांनी देवासमोर ठेवलं आणि ते बसून राहिले. खाली उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की आज आपण प्रार्थना केली.

दहाव्या दिवशी ते खडकावर बसले होते. पाऊलवाटेनं कुणीतरी वर येताना दिसलं. निळं लुगडं. मार्थाबाई! गुडघेदुखीमुळं चर्चच्या तीन पायऱ्या धरून धरून चढणारी बाई डोंगर चढत होती.  सोनालीचा फोन आला असणार. ते धडपडत खाली धावले. मार्थाबाईंनी त्यांचा दंड घट्ट पकडला, तोंड उघडलं, पण त्यांना दमच पुरेना. त्यांना बोलता येईना आणि यांना बोलायची बंदी. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. शेवटी मार्थाबाईंनी जोरजोरात हात हलवला. नाही, नाही.

"काही नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "साधी... साधी गाठ. सोनाली रडत होती फोनवर... आनंदानं."

आणि त्या मटकन वाटेतच बसल्या. पाळक शेजारी बसले. दोघं इतके हसले, की दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाळकांचं हसणं मात्र मुकंच. मग मार्थाबाईंना माथ्यावरून गाव बघायचं होतं. हात धरून पाळकांनी त्यांना वर नेलं.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी थोडं बोलायची परवानगी दिली. आवाज आला, पण खालचा, खरखरीत. पूर्वीसारखा व्हायला वेळ लागेल, कदाचित होणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. याचं दुःख होईल असं पाळकांना वाटलं होतं. ते फारसं झालं नाही. मनाला एकच गोष्ट टोचत होती. दुसऱ्या दिवशी ते डोंगरावर गेले.

"मावशी, मी मुका नाही."

गजराबाई दोन पावलं मागं सरली. "आगं बया! बोलता की तुमी!"

"घशाचं ऑपरेशन झालं होतं. तुम्हाला सांगता आलं नाही."

तिचा चेहरा उतरला. "मुक्याच्या पोटात ऱ्हातंय म्हणून सांगितलं व्हतं."

"माझ्याही पोटात राहील. माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही."

गजराबाईनं त्यांना नीट निरखून पाहिलं. "काम काय करता?"

"पाळक आहे, चर्चमध्ये. तुम्ही मेंढरं राखता, मी माणसं."

"मेंढरं बरी," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. मग काठीनं माती उकरत तिनं विचारलं, "मंग तुमास्नी ठावं आसंल. आईनं मला माफ केलं आसंल का?"

पाठ असलेलं एकही वाक्य पाळकांनी उचललं नाही.

"आई होती ती. मला वाटतं, तुम्ही निघायच्या आधीच केलं असेल."

गजराबाईनं काठी खाली ठेवली. मग खडकावर बसली आणि आईबद्दलच सांगू लागली. ती जात्यावर काय गायची, पोरांना चुकवून बोरं कुठं लपवायची, पाटलाशी कशी भांडायची. पाळक ऐकत राहिले. बोलण्या-ऐकण्याच्या नादात मेंढरं पलीकडच्या उतारावर कधी पोचली ते दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा गजराबाई काठी उगारून ओरडत सुटली आणि पाळक बूट सावरत तिच्यामागं पळाले.