चौथ्या नमुन्याचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. पण पाणी प्यायला मला कुणी घेत नाही. माझं पोट फुगीर, गळा निमुळता आणि पाय आखूड. आत ओतलेल्याचा वास वर यावा, पण लगेच उडून जाऊ नये, म्हणून कारागिराने नळीतून फुंकर घालून मला असं घडवलं. त्या भट्टीची धग मला अजून आठवते. याहून मोठी भीती आयुष्यात येणार नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी चुकलो होतो.

माझे मालक मद्याच्या कारखान्यात कशात काय किती मिसळायचं ते ठरवायचे. ते निवृत्त झाल्यावर एक व्यापारी त्यांच्याकडे व्हिस्की आणि जिनचे नमुने पाठवू लागला. चांगली कोणती, टाकाऊ कोणती, हे मालकांनी दिलेल्या गुणांवर ठरे. सगळे त्यांना ‘नाकवाले काका’ म्हणत. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे बाईंचं, नाकही तितकंच तिखट होतं. पण नाव मालकांचं झालं.

परीक्षा जेवणाच्या टेबलावर चाले, सकाळी अकराला, जीभ ताजी असताना. मालकांपुढे मी, बाईंपुढे माझा जुळा भाऊ, दोघांवर काचेच्या चकत्या झाकलेल्या. सगळ्या बाटल्या सारख्याच, बुटक्या. सून त्यांच्या गळ्यातल्या नावाच्या चिठ्ठ्या काढून नुसते आकडे चिकटवी. व्यापारी कधीकधी एखादा नमुना दोनदा पाठवी, दुसऱ्यांदा बिनचिठ्ठीचा. त्या दोन बाटल्यांना वेगवेगळे गुण पडले, तर परीक्षकच नापास! आणि सर्वांत कडक नियम म्हणजे, दोघांचे गुण लिहून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. वीस वर्षांत तो मोडला नव्हता.

मालक आधी चष्मा काढून ठेवत, माझ्या काठावर आपटू नये म्हणून. मग तीन आखूड श्वास घेत. मग एक घोट जिभेवर घोळवून पिकदाणीत टाकत आणि शेवटचा एक छोटा घोट मात्र गिळत, घशातली धग पाहायला. “या पेल्यात वास खोटं बोलत नाही,” असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग मालकांना ताप आला. तो आठवड्याने उतरला, पण नंतरच्या पहिल्याच परीक्षेत मला काहीतरी खटकलं. तीन आखूड श्वासांच्या जागी एक लांब श्वास आला, बंद दार कुणी ढकलत राहावं तसा. मग आणखी एक. मग त्यांनी हळूच जुनी वही उघडली आणि त्यातले शब्द उतरवले: मध, ओलं लाकूड, धूर. माझ्यात त्या दिवशी धुराचा मागमूसही नव्हता.

मालकांना वास येत नव्हता. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी पडलो काच. त्या दिवसापासून माझ्यात काहीही ओतलं की माझा जीव खालीवर होई.

रिकाम्या बाटल्यांवरचा गोंद मालक स्पिरिटने पुसत. ते लाकडाच्या पॉलिशचं विषारी स्पिरिट होतं आणि त्याच्या डब्यावर कवटीचं चित्र होतं. एकदा डबा गळू लागला, म्हणून उरलेलं स्पिरिट त्यांनी तसल्याच एका बुटक्या बाटलीत ओतलं आणि बाटली ते ओट्यावरच विसरले. एरवी त्या वासानेच त्यांना आठवण झाली असती. मी शेजारीच निथळत पडलो होतो.

सून आली. ओट्यावर व्यापाऱ्याकडून आलेल्या चार जिन आणि वर एक बिनचिठ्ठीची बाटली. “यावेळी पण दोनदा पाठवलीय वाटतं,” असं पुटपुटत तिने त्या बाटलीवर चौथा आकडा चिकटवला. मी मनातल्या मनात नको, नको म्हणत राहिलो.

टेबलावर तीन जिन झाल्या. चौथी बाटली मालकांनीच दोन्ही पेल्यांत ओतली. ते पातळ पाणी माझ्या भिंतीवरून सरसर खाली आलं आणि भराभर उडू लागलं. मी बाहेरून गार पडलो, आतूनही. मालकांनी चष्मा काढला, चकती उचलली आणि लांब श्वास घेतला. ‘लिंबाची साल’, त्यांनी लिहिलं.

समोर बाईंनी आपली चकती उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी लगेच चकती परत ठेवली, कागदावर शून्य लिहिलं आणि पेला दूर सारला. बोलल्या मात्र नाहीत. नियम होता ना! शिवाय नाकवाले काका असली वस्तू ओठांजवळ नेतील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

मालकांनी मला उचललं. एका घोटाने काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. मला ती कवटी तेवढी ठाऊक होती. माझा काठ त्यांच्या ओठाला टेकला.

“अहो, थांबा!”

“नियम मोडलास,” मालक हसले. “पहिल्यांदाच.”

“खड्ड्यात गेला नियम! ठेवा तो पेला खाली. स्पिरिट आहे ते!”

मी टेबलावर आलो. सून दारात येऊन उभी राहिली, पांढरीफटक.

“तुम्हाला वास नाही आला?” बाईंनी हळू विचारलं.

मालकांनी चष्मा उचलला आणि नकारार्थी मान हलवली.

“कधीपासून?”

“तापापासून. सहा आठवडे झाले.”

“आणि माझा चहा? रोज म्हणत होतात, फक्कड झालाय.”

“गरम होता, एवढं कळत होतं.”

बाईंना हसू आलं, आणि मग त्या हमसून हमसून रडल्या. सूनही “बाबा, मी आकडा लावला हो,” म्हणून रडू लागली. “बाटली माझी, पोरी. चूकही माझीच,” मालक म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी व्यापाऱ्याला पत्र लिहिलं की, सहा आठवड्यांतले माझे सगळे गुण रद्द समजा.

आता चिठ्ठ्या आणि आकडे मालक लावतात, वास बाई घेतात. बिनचिठ्ठीची बाटली आली की आधी व्यापाऱ्याला फोन जातो. स्पिरिट नव्या डब्यात, कुलपात आहे, आणि त्यावर मालकांनी स्वतः कवटी काढली आहे. ती बटाट्यासारखी दिसते, असं सून म्हणते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मालक रोज सकाळी माझ्यात लवंग ठेवून हुंगतात. परवा हुंगताना ते मध्येच थांबले.

“आला?” बाईंनी विचारलं.

“कसला तरी वास आला. कशाचा, ते माहीत नाही.” आणि वहीत त्यांनी तेच लिहिलं: ‘माहीत नाही’.

मित्रांनो, माझ्यात काही ओतू लागलं की अजूनही माझी काच शहारते. म्हणून एवढंच मागतो. बाटलीत जे असेल त्याचं नाव तिच्यावर लिहा. आपल्याला एखादी गोष्ट कळेनाशी झाली, तर ती झाकून ठेवू नका. आणि कुणाच्या ओठाशी काही भलतंच जाताना दिसलं, तर कुठल्याही नियमासाठी गप्प बसू नका. मला ओरडता येत नव्हतं. तुम्हाला येतं.