अंदाज आठवर

"काका, 'दार' म्हणा. मनात नाही हं, तोंडाने म्हणायचा प्रयत्न करा."

खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलेल्या काकांचे ओठ हलले नाहीत. दीड वर्षापूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला त्या दिवसापासून ते हललेच नव्हते. हलत होते ते फक्त डोळे. पण मेंदूवर बसवलेल्या नखाएवढ्या पट्टीतल्या बारीक सुयांना त्या प्रयत्नाची चाहूल लागायची. डोक्यावरच्या खुंटीला जोडलेल्या तारेतून ती यंत्रात जायची आणि यंत्र त्यावरून शब्द ओळखून पडद्यावर लिहायचं. रोज सकाळी काकांकडून चाळीस शब्द म्हणवून घ्यायचे आणि किती सुया ऐकताहेत ते मोजायचं, हे तंत्रज्ञ बाईंचं काम. काकांनी पहिल्याच आठवड्यात पडद्यावर त्यांचं बारसं केलं होतं: मापवाली. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, अंथरुणाला खिळला म्हणून खवचटपणा थोडाच जाणार!

अलीकडे मात्र ते तिला 'ताई' म्हणू लागले होते. तिला ते बरंही वाटलं होतं.

आज एकशे अठ्ठावीस सुयांपैकी एकोणीस जाग्या निघाल्या. गेल्या महिन्यात चाळीस होत्या. काट्याभोवती कातडी घट्ट होते तसा मेंदू सुयांभोवती घट्ट होत चालला होता. आणि तरीही पडद्यावरची वाक्यं दिवसेंदिवस सुबक होत होती. हे गणित जुळत नाही हे मापवालीला कळत होतं, पण तिने कानाडोळा केला होता. कारण ती कळ तिनेच फिरवली होती.

कळीचं नाव होतं 'अंदाज'. सुयांकडून अर्धवट काही आलं, तर माणसं साधारणपणे काय बोलतात ते पाहून यंत्र उरलेलं स्वतः भरायचं. शून्यावर ठेवलं तर काहीच भरायचं नाही. चार महिन्यांपूर्वी पडद्यावर तुटके शब्द येऊ लागले आणि काकू रडायला लागल्या, तेव्हा सर म्हणाले होते, "वाढवा थोडा." तिने तीनचा चार केला. मग पाच. आता आठ होता.

रोजच्यासारखी तिने तार काढली, खुंटी स्पिरिटने पुसली, आणि तेवढ्यात काकू थर्मास घेऊन आल्या.

"आधी चहा घे बाई. तुझी मापं कुठे पळून चालली नाहीत."

मापवालीने कप घेतला. काकूंनी काकांना चमच्याने दोन घोट पाजले. पडद्यावर अक्षरं उमटली: चहा छान झालाय.

"बघितलंस? एकोणचाळीस वर्षांत एकदा म्हणाले नाहीत, आता रोज म्हणतात. आणि माझ्या वाढदिवसाला काय म्हणाले, सांगितलं ना तुला?"

सांगितलं होतं, चारदा. तरी काकूंनी पर्समधून घडी केलेला कागद काढलाच. पडद्यावरून त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं होतं: तू आहेस म्हणून मी आहे.

अकरा वाजता सर आले. प्रयोगशाळेचे प्रमुख, घाईतला माणूस. त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि काकांसमोर खुर्ची ओढली.

"जुनी पट्टी काढून नवी बसवायची आहे. पुन्हा कवटी उघडावी लागेल. जिवाला धोका आहे. तुमची संमती आहे का?"

पडदा क्षणभरही अडखळला नाही. हो सर. माझी तयारी आहे. तुम्हा सगळ्यांचे आभार.

काकूंचे डोळे भरून आले. मापवालीने टेबलावरचा कापसाचा बोळा उचलला, कचऱ्यात टाकायला. त्याखाली तारेचं टोक होतं.

टोक टेबलावर, खुंटी काकांच्या डोक्यावर, मध्ये हातभर मोकळी हवा. चहाच्या नादात तार जोडायची राहिली होती. मोकळ्या तारेत खोलीतल्या दिव्या-पंख्यांच्या विजेची गुणगुण शिरत होती आणि तिच्यातून यंत्र वाक्यं बनवत होतं. वीस मिनिटं ते बोलत होतं, आणि आत कोणीच नव्हतं.

"सर, थांबा. तार जोडलेली नाही."

सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "मग जोडा. पुन्हा विचारू. उत्तर तेच येईल."

"येईल सर. आठवर तेच येईल."

तिने तार जोडली आणि कळ शून्यावर आणली. सरांनी प्रश्न पुन्हा विचारला. पडदा कोरा. बाहेर लिफ्ट करकरत वर आली, गेली. बऱ्याच वेळाने एक शब्द आला: मापवाली. आणि मग: बंद.

"एकोणीस सुयांवर 'बंद' म्हणजे काहीही असू शकतं," सर म्हणाले. "पहिलं रेकॉर्डिंग ठेवतो मी. तार कॅमेऱ्यात आलेली नाही."

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. मापवालीने नोंदवही ओढली, शाईने तारीख, वेळ लिहिली आणि मोठ्याने वाचलं, "संमती विचारली तेव्हा तार जोडलेली नव्हती. चूक माझी." खाली सही केली. सरांनी कॅमेरा उतरवला आणि ते निघून गेले. आपली नोकरी आता किती दिवसांची, हे तिने मनाला विचारलं नाही.

काकू आता पडद्याकडे पाठ करून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. यंत्र येण्याआधी दवाखान्यात त्यांची एक खूण होती: डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. यंत्र इतकं छान बोलायला लागल्यापासून त्या डोळ्यांकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"अहो, ऑपरेशन करायचंय?"

डोळे मिटले. घट्ट, बराच वेळ.

"पडदा चुकीचं बोलला की आधीही सांगत होतात? असेच?"

डोळे वर गेले.

मापवालीला तिथे उभं राहवेना. चार महिने हा माणूस तिच्यासमोर डोळ्यांनी नाही म्हणत होता आणि ती पडदा वाचत होती.

काकूंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "आणि चहा? खरंच छान व्हायचा?"

मिटले.

"साखर जास्त?"

वर. लगेच.

"मेला स्वभाव," काकू म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. "चार महिने गिळलंत! उद्या बिनसाखरेचा आणते."

मग त्यांनी पर्समधला तो कागद काढला. उघडला. काकांचे डोळे त्यांच्याकडेच लागले होते, विचारण्याची वाट बघत.

काकूंनी कागदाची होती तशी घडी घातली, तो पर्समध्ये तळाशी ठेवला आणि चेन ओढली.

"चला, मान अवघडली असेल तुमची," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या मानेखालची उशी सारखी करू लागल्या.