तीन टनाचा भरवसा

मी जॅक बोलतोय. गाडी उचलणारा, छोट्या चाकांवर सरकणारा, लाल रंगाचा फ्लोअर जॅक. मी बोलत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही. आजवर मी सगळ्यांचं ऐकलं. ओढत नेणाऱ्याचं ऐकलं, आपटणाऱ्याचं ऐकलं, उसना नेऊन चिखलात टाकणाऱ्याचंही ऐकलं. आता माझं डोकं फिरलंय.

जन्माबद्दल फार सांगत बसत नाही. कुठल्याशा कारखान्यात लोखंड कापलं, जोडलं, रंगवलं आणि पोटात तेल भरलं. माझा दांडा वर-खाली केला की ते तेल दाबलं जातं आणि माझा हात गाडीला वर ढकलतो. दांडा फिरवला की तेल मागे येतं आणि हात खाली. झाली माझी विद्या! मी उचलतो. उचललेलं धरून ठेवायला स्टँड असतात, गाडीखाली टेकवायच्या लोखंडी घोड्या. हे माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्या खोक्यात आता दिवाळीच्या माळा भरून ठेवल्यात.

नाना पेठेत मैनुद्दीनभाईंचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथे मी बरेच दिवस फळीखाली बसून होतो. एका रविवारी बद्रीनाथ आला. मूळचा परभणीचा, चाकणला नोकरी, बिबवेवाडीत फ्लॅट. बरोबर त्याची मुलगी अपेक्षा होती. एका गॅरेजवाल्याने त्याच्या गाडीचा चांगला पार्ट काढून दुसरा बसवला असा त्याला संशय होता. तेव्हापासून त्याने ठरवलं होतं, गाडीचं सगळं घरीच करायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो इतका तयार झाला होता की दुकानात शिरल्यापासून मैनुद्दीनभाईंनाच शिकवायला लागला.

“किती टनाचा देऊ?” मैनुद्दीनभाईंनी विचारलं.

“तीन.”

“गाडी कोणती?”

बद्रीनाथने गाडी सांगितली. घरातली चार माणसं बसली की भरणारी, छोटी.

“मग दोन टनाचा पुष्कळ झाला. वजनाला हलका आहे, गाडीखाली सहज जातो. तुम्हाला पार्किंगमध्ये ओढायलाही बरा.”

“नाही, तीनच द्या. सेफ्टी महत्त्वाची.”

“बाबा, मग स्टँडची जोडी पण घ्या ना,” अपेक्षा म्हणाली.

“अगं, तीन टनाचा घेतोय! स्टँड कशाला?”

मैनुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “साहेब, तीन टनाचा जॅकही खाली येतो. वजन जास्त पेलतो म्हणून वरच राहीन असं त्याने कुणाला लिहून दिलेलं नाही.”

बद्रीनाथ हसला. त्याला वाटलं भाई गंमत करतायत. मी फळीखालून ओरडत होतो, अहो, गंमत नाहीये ही! पण लोखंडाचं कोण ऐकतं? शेवटी अपेक्षा हटूनच बसली. स्टँड घेतले नाहीत तर मी रिक्षाने घरी जाईन म्हणाली, तेव्हा कुठे ती जोडी माझ्याबरोबर आली. मला मात्र त्याने पसंत केलं ते लाल रंगावर. ‘दिसायला भारी आहे,’ म्हणाला. सोफा निवडायला आला होता की काय, देव जाणे.

बिबवेवाडीच्या त्या सोसायटीत मी पार्किंगमध्ये राहिलो. माझ्या डोक्यावर एक पाटी आहे: ‘येथे गाड्या धुऊ नयेत. धुताना आढळल्यास बादली जप्त होईल व परत मागू नये.’ ती पाटी वाचतच माझी वर्षं गेली. पहिले काही महिने बरे होते. बद्रीनाथ मला पुसायचा, स्टँड लावायचा, मगच गाडीखाली जायचा. नव्याची नवलाई हो, दुसरं काय!

पुढे हाल सुरू झाले. तळमजल्यावरच्या श्यामने मला उसनं नेलं आणि माझ्यावर कपाट उचललं. तेही भरलेलं! आतल्या साड्यासुद्धा काढल्या नाहीत. परत आणलं ते पायाने ढकलत. पाऊस आला की पार्किंगच्या त्या कोपऱ्यात पाणी साचतं, त्यात मी उभा. आणि एकदा तर बद्रीनाथने कहरच केला. गाडी माझ्या हातावर तशीच उचलून ठेवली आणि बायकोला घेऊन परभणीला लग्नाला गेला. आठवडाभर मी एकटा ते ओझं पेलत होतो. माणसाला आठवडाभर हात वर करून उभं करा, मग कळेल. तेव्हाच माझं तेल अडवणारं रबरी सील गेलं. तेल थेंब थेंब झिरपायला लागलं. माझ्याखाली काळा डाग पडला, तर बद्रीनाथने त्यावर पुठ्ठा टाकला. फरशी खराब होते म्हणून! अरे, फरशीची काळजी करतोस, आणि तुझ्या डोक्यावर गाडी असते त्याचं काय?

आता खंडेनवमीचं सांगतो. तो दिवस आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं पूजेला बसतात. त्यांना त्या दिवशी काम सांगायचं नाही, दसऱ्याला सोनं देऊन झालं की मगच उचलायची. बद्रीनाथची बायको कौशल्या हे सगळं फार निगुतीने करते. तिने पाने, हातोडी, स्वयंपाकघरातली विळी, कात्री, सगळं धुऊन देवघरापुढे पाटावर मांडलं. स्टँडची जोडीही वर नेली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मी जड. मला तीन मजले कोण चढवणार? म्हणून तिने खाली येऊन मला कुंकवाचं बोट लावलं आणि नमस्कार केला. खरं सांगतो, बरं वाटलं. वाटलं, आज तरी आराम.

कसला आराम! सोसायटीत वर्षातून एकच दिवस पाइप लावून गाडी धुवायची परवानगी मिळते, आणि तो दिवस हाच. कारण गाडीचीही पूजा याच दिवशी. बद्रीनाथने गाडी वरून लख्ख केली, मग त्याला खालचा चिखल दिसला. झालं! मला पुढून गाडीखाली घातलं, गाडी उचलली, डिकीतल्या पान्याने पुढचं चाक काढलं, पाइप मारला. तेवढ्यात कौशल्या झेंडूचा लांब हार घेऊन आली आणि बंपरला बांधून मोकळी झाली. हार जमिनीपासून वीतभर वर लोंबत होता.

“आज त्या जॅकला कशाला लावलंत कामाला?” ती म्हणाली.

“त्याला नुसता टिळा लावलायस, पूजेला कुठे बसवलंयस? त्याला चालतं.”

मला चालतं! मला कुणी विचारलं?

“आणि ते स्टँड?”

“ते तूच पाटावर मांडलेस.”

“मग राहू दे. पूजेला बसलेलं आज हलवायचं नाही,” असं म्हणून ती पुरण बघायला वर गेली. आणि हा बाबा पाठीवर लोळून, हातात ब्रश घेऊन, थेट गाडीखाली! डोक्याशी बादली, बाहेर नुसते पाय.

तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा. माझं तेल गळत होतं. हात खाली येत होता, केसभर, आणखी केसभर. मी थांबवू शकत नव्हतो. मला ना दात, ना ओठ. मी कर्र केलं, तर तो खालून म्हणतो, “याला जरा ग्रीस मारायला पाहिजे.” अरे मूर्खा, ऊठ! तुझी बायको वर पुरण वाटतेय, मुलगी ऑफिसातून येईल, आणि तू एका ढेकळासाठी माझ्या भरवशावर पडलायस! मी शिव्या घातल्या. मनातल्या मनात, पण परभणीपर्यंत ऐकू जाव्यात अशा.

कौशल्या आरतीचं ताट घेऊन खाली आली ती गाडीला कुंकू लावायला. येताच तिचं लक्ष हाराकडे गेलं.

“अहो, हार जमिनीला टेकला! सगळा ओल्यात लोळतोय.”

“मग वर बांध ना,” गाडीखालून आवाज आला.

तिने हाराला हात घातला आणि थांबली. “मघाशी वीतभर वर होता हो.”

“भिजून लांबला असेल.”

“झेंडू काय लांबतो? अहो, गाडी खाली आलीय. बाहेर या.”

“आलोच, एवढं एक ढेकूळ...”

तिने पुढचं ऐकलंच नाही. ताट फरशीवर टाकलं, त्याचे दोन्ही घोटे धरले आणि साबणाच्या पाण्यावरून त्याला फरफटत बाहेर ओढलं. तो “अगं, अगं” करत होता. त्याचं डोकं बंपरच्या बाहेर आलं आणि माझ्यातला उरलासुरला जोर संपला. गाडी धाडकन बसली. चाक नव्हतंच, फरशी तडकली. त्याच्या डोक्याशी ठेवलेली बादली पापडासारखी चपटी झाली.

दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिले. तो त्या बादलीकडे बघत होता. कौशल्याने अजून त्याचे पाय सोडले नव्हते.

“मीच म्हणाले, हलवायचं नाही म्हणून,” ती म्हणाली. मग उठली, तीन मजले चढून गेली आणि दोन्ही स्टँड घेऊन आली. कुंकू तसंच, एकावर झेंडूचं फूल चिकटलेलं. श्यामची आई जिन्यात म्हणाली, “अगंबाई, पूजेतलं उचललंस?” कौशल्या म्हणाली, “हो, उचललं. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.”

संध्याकाळी बद्रीनाथ सोसायटीभर सांगत होता, “देवानंच वाचवलं बघा!” पेढे वाटले त्याने. दुसऱ्या दिवशी मला आपट्याची पानं दिली, माझ्यापुढे नारळ फोडला, तेलाचा दिवा लावला. दिव्याला तेल मिळालं. माझ्या पोटात घालायला मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही. सील बदलायचं म्हणतो, “बघू या, दिवाळी झाली की.” अशा माणसाला काय म्हणावं?

तुम्हीही कधी जॅक घ्यायला जाल. रंग बघू नका. उगाच जास्त टनाचा घेऊन मिशीला पीळ देऊ नका. गाडीला पुरेल एवढा घ्या, तुम्हाला ओढता येईल असा घ्या, आणि स्टँडची जोडी घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. घरी आणल्यावर ती वापरा. सणाच्या दिवशीसुद्धा. मला कुंकू लावा किंवा नका लावू, पण माझ्यावर विसंबून गाडीखाली जाऊ नका. हात जोडून सांगतो. मला एकच हात आहे, तरी.

सध्या मी त्याच कोपऱ्यात आहे, त्याच पाटीखाली. माझा दांडा माझ्याजवळ नाही. तो कौशल्याने काढून नेलाय आणि स्वयंपाकघरात दाराच्या मागे उभा करून ठेवलाय. मागच्या रविवारी बद्रीनाथ मागायला गेला, तर तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, “स्टँड लावले?”

“लावतो ना.”

“आधी लावा. मी येऊन बघते, मग दांडा.”

बद्रीनाथ पाय आपटत खाली आला आणि मुकाट्याने स्टँड शोधायला लागला. दांड्याशिवाय मी म्हणजे नुसता ठोकळा. दुसऱ्या कुणी माझा दांडा नेला असता तर मला भयंकर राग आला असता. तिचा नाही येत. तेल अजून गळतंय, सील तसंच आहे, त्याची अक्कलही तशीच आहे. दांडा तिच्याकडे आहे म्हणून तो जिवंत आहे.